विंटरस्टायगर क्लासिक : संशोधन प्लॉटचं कंबाईन कितपत चोख?

पिकांचे नवे वाण तयार करून त्यांची छोट्या प्लॉटांवर चाचणी घेणाऱ्या पैदासकाराची कंबाईनकडून, म्हणजे कापणी-मळणी एकत्र करणाऱ्या यंत्राकडून, मागणी साधी असते. एका प्लॉटचं सगळं धान्य त्याच प्लॉटच्या पिशवीत पडावं आणि त्यातला एकही दाणा पुढच्या पिशवीत जाऊ नये. मोठ्या कंबाईनला हे जमत नाही. त्याच्या ऑगरमध्ये (धान्य ढकलणारा फिरता स्क्रू), एलिव्हेटरमध्ये (धान्य वर नेणारी साखळी) आणि अर्धवट मळलेल्या ओंब्या मळणीच्या ड्रमकडे परत नेणाऱ्या वाटेत थोडं धान्य कायम उरतं. मोठ्या शेतात ते कुणाच्या लक्षातही येत नाही, पण सहा चौरस मीटरच्या प्लॉटमध्ये पन्नास ग्रॅमची गफलत म्हणजे हेक्टरी 83 किलोचा फरक. दोन वाणांमधला खरा फरक पुष्कळदा याहून कमी असतो.

ऑस्ट्रियाच्या विंटरस्टायगर कंपनीचं क्लासिक हे एका वेळी एकच प्लॉट कापणारं, स्वतःच्या इंजिनावर चालणारं कंबाईन आहे. कापणीची रुंदी साधारण सव्वा ते दीड मीटर. साफ झालेलं धान्य हवेच्या झोतानं नळीतून सायक्लोनमध्ये (हवेतून दाणे वेगळे करणारं नरसाळं) जातं आणि तिथून पिशवीत किंवा वजनयंत्रात पडतं. कोरड्या गव्हा-जवात ही रचना झटपट रिकामी होते. प्लॉट संपला की यंत्र उभं करून ड्रम, पंखा, चाळण पूर्ण वेगात चालू ठेवायची आणि दाणे पडायचे पूर्ण थांबले की मगच पुढे सरकायचं. घाईत हीच थोडी सेकंदं आधी कापली जातात. किती थांबायचं हे अंदाजानं ठरवू नये. लाल आणि पांढऱ्या दाण्याच्या गव्हाचे प्लॉट आलटून-पालटून कापावेत आणि पिशवीतले परके दाणे मोजावेत. संध्याकाळी दव पडू लागलं की कुसळं नळीच्या वळणांत आणि सायक्लोनच्या रबरी झडपेत चिकटतात. सकाळी ठरवलेला वेळ तेव्हा पुरत नाही.

या हवाई वाहतुकीची खोट सोयाबीन आणि हरभऱ्यात दिसते. मोठा, ठिसूळ दाणा वळणावर आपटून तडकतो. उत्पादनाचा आकडा बरोबर येतो, पण तेच बियाणं पुढच्या हंगामात पेरायचं असेल तर उगवण घटलेली सापडते. झोत दाणा जेमतेम वर जाईल इतकाच ठेवावा. कडधान्यांचंच काम मुख्य असेल तर पट्ट्यानं धान्य वाहणारं यंत्र जास्त योग्य.

ड्रमच्या सेटिंगमध्ये सर्वात जास्त गोंधळ होतो, कारण मोठ्या कंबाईनच्या तक्त्यातले फेरे जसेच्या तसे उचलले जातात. मळणी ठरते ड्रमच्या कडेच्या वेगावर. गव्हाला सेकंदाला 28 मीटर धरले, तर 600 मिमी व्यासाच्या ड्रमला मिनिटाला सुमारे 890 फेरे लागतात आणि 350 मिमीच्या ड्रमला सुमारे 1530. लहान ड्रमवर 890 फेरे लावले की ओंब्या न मळताच मागे पडतात. सोयाबीनला 12 मीटर धरले तर त्याच लहान ड्रमला साधारण 655 फेरे पुरतात.

पंख्याचा धोका वेगळाच आहे. झोत जास्त झाला की बारीक, सुरकुतलेले दाणे भुशाबरोबर उडतात. पाण्याच्या ताणाच्या चाचणीत ज्या वाणाचा दाणा आधीच बारीक आहे, त्याचं उत्पादन यंत्रच आणखी पाडतं आणि ते वाणाच्या नावावर लागतं. म्हणून झोत बारीक दाण्याच्या वाणावर बसवावा. थोडा भुसा आला तरी तो नंतर साफ करता येतो. सेटिंग बदलायचंच असेल तर एक पूर्ण रेप्लिकेशन (सगळ्या वाणांच्या प्लॉटांचा एक संच) संपल्यावर बदलावं, मधे नाही. यंत्रामागे चौरस मीटरची चौकट टाकून सांडलेले दाणेही मोजावेत. हजार दाण्यांचं वजन 40 ग्रॅम असेल, तर 250 दाणे म्हणजे हेक्टरी 100 किलो गेले.

वजन आणि ओलाव्यासाठी क्लासिकवर हार्वेस्टमास्टर कंपनीचं ग्रेनगेज हे मोजणीयंत्र बसवता येतं. पिशव्या, चिठ्ठ्या आणि नंतरचं तोलणं वाचतं, त्यामुळे मोठ्या चाचण्यांसाठी ते घ्यावंच. त्याच्या मर्यादा मात्र ठाऊक असाव्यात. वारा, उतार आणि इंजिनाची थरथर लोडसेलला (वजन मोजणाऱ्या सेन्सरला) फसवतात. रोज सकाळी, आणि दुपारी ऊन चढल्यावर पुन्हा, माहीत असलेलं वजन ठेवून तपासावं. ओलाव्याचा सेन्सर धान्यानं पुरता झाकला गेला नाही तर आकडा चुकतो. म्हणजे नेमक्या कमी उत्पादनाच्या प्लॉटमध्येच त्याच्यावर विसंबता येत नाही. काही नमुने ओव्हनमध्ये वाळवून ताडून बघावेत. ओलाव्याची दुरुस्ती न करणं परवडत नाही: 16 टक्के ओलाव्याचे 3 किलो 12 टक्क्यांवर आणले की 2.86 किलो होतात, म्हणजे सहा चौरस मीटरवरून काढलेले हेक्टरी 5000 किलो सुमारे 4770 वर येतात.

आकडे थेट संगणकात जातात तेव्हा एक जुनी चूक नव्या रूपात येते. यंत्र नागमोडी जातं, एखादा न उगवलेला प्लॉट चालक ओलांडतो, नकाशा मात्र ओलांडत नाही, आणि तिथून पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकतात. प्रत्येक ओळीच्या टोकाला पडद्यावरचा प्लॉट क्रमांक खुंटीवरच्या क्रमांकाशी जुळवावा.

प्लॉटची टोकं कापणीआधीच छाटून लांबी मोजून घ्यावी. गल्लीकडेच्या झाडांना ऊन आणि खत जास्त मिळतं, ती उत्पादन फुगवतात. लोळलेल्या पिकात विभाजक (यंत्राच्या पुढचा, पीक बाजूला सारणारा टोकदार भाग) शेजारच्या प्लॉटच्या ओंब्या ओढतो. तिथं कापणीआधी हातानं पीक वेगळं करणं हाच उपाय, कोणतंही यंत्र असो.

नवं वाण घडवतानाच्या सुरुवातीच्या पिढ्यांच्या एकेका ओळीसाठी किंवा एकेका झाडासाठी हे यंत्र घेऊ नये. तिथं विळा आणि त्याच कंपनीचं एलडी 350 सारखं छोटं मळणीयंत्र पुरतं, शिवाय ते उघडून आतला प्रत्येक कोपरा डोळ्यांनी बघता येतो.