नेटिव्ह, एसीपीआय की व्हेंडर? लॅपटॉपच्या बॅकलाइटसाठी लिनक्सवर कोणता पर्याय निवडावा

लिनक्स टाकलं, वायफाय चाललं, आवाजही आला, पण ब्राइटनेसची बटणं दाबून काहीच होत नाही. अशा वेळी बरेच जण बूटच्या ओळीत (लॅपटॉप सुरू होताना लिनक्सला दिल्या जाणाऱ्या सूचनांत) सापडेल तो पर्याय चिकटवून बघतात. त्याआधी दोन मिनिटं काढा आणि कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) तुमच्या स्क्रीनचा बॅकलाइट, म्हणजे मागचा दिवा, दिसतोय का, दिसत असेल तर कोणत्या वाटेनं, ते तपासा.

त्यासाठी '/सिस/क्लास/बॅकलाइट' हे फोल्डर उघडायचं. ते रिकामं असेल तर बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हरच चढलेला नाही. इन्स्टॉल करताना घातलेलं 'नोमोडसेट' (ग्राफिक्स ड्रायव्हरला थांबवणारी सूचना) बूटच्या ओळीत तसंच राहून गेलंय का, हे पहिलं बघा. फोल्डरात काही असेल तर त्याच्या आतली 'टाइप' ही फाइल वाचा. तिथे 'रॉ', 'फर्मवेअर' किंवा 'प्लॅटफॉर्म' यांपैकी एक शब्द मिळेल. निवड या तिघांतच करायची आहे.

'रॉ' म्हणजे नेटिव्ह. ग्राफिक्स ड्रायव्हर स्वतः बॅकलाइट चालवतो. फोल्डरातलं नाव 'इंटेल_बॅकलाइट' किंवा 'एएमडीजीपीयू_बीएल०' अशा धर्तीचं असतं. पायऱ्या भरपूर मिळतात: इंटेलवर कमाल आकडा अनेकदा हजारांत असतो, एएमडीवर बरीच वर्षं तो २५५ होता. त्यामुळे उजेड अगदी हळुवार बदलता येतो. मात्र काही मशीनवर शून्य लिहिलं की स्क्रीन पूर्ण काळी होते. घाबरू नका, सिस्टमडी (सुरुवातीची सगळी कामं सांभाळणारा प्रोग्रॅम) असलेल्या डिस्ट्रोवर, म्हणजे लिनक्सच्या तयार संचावर, रीबूटनंतर उजेड साधारण कमालच्या ५ टक्क्यांखाली ठेवला जात नाही.

'फर्मवेअर' म्हणजे एसीपीआय (बायॉसशी, म्हणजे लॅपटॉपमधल्या मूळ प्रोग्रॅमशी, बोलण्याची ठरलेली पद्धत), नाव 'एसीपीआय_व्हिडिओ०'. इथे उजेडाच्या पायऱ्यांची यादी बायॉस देतो आणि बदलही तोच करतो. पायऱ्या बहुधा मोजक्याच असतात, पण सगळ्यांत खालच्या पायरीवरही स्क्रीन सहसा दिसत राहते. विंडोज ७ च्या काळातल्या लॅपटॉपवर हा मार्ग चांगला चालतो. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि तिथे बॅकलाइटचं काम ग्राफिक्स ड्रायव्हरकडे गेलं. मग अनेक कंपन्यांच्या बायॉसमधला हा भाग नावापुरता उरला. फाइल असते, आकडा लिहिला जातो, तोच परत वाचताही येतो, आणि स्क्रीन मात्र ढिम्म हलत नाही. सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते. म्हणून फाइल आहे एवढ्यावर सपोर्ट आहे असं समजू नका. 'ब्राइटनेस' या फाइलमध्ये कमालच्या निम्मा आकडा लिहा, 'ॲक्च्युअल_ब्राइटनेस' वाचा आणि मग डोळ्यांनी स्क्रीनकडे बघा. डोळ्यांचा निकाल अंतिम.

'प्लॅटफॉर्म' म्हणजे व्हेंडर, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीसाठीचा खास ड्रायव्हर. जुन्या काही मॉडेलांना आणि काही मोजक्या विशेष रचनांना त्याची खरी गरज असते. बाकीच्यांनी त्याच्या नादी लागू नये.

माझा कौल सरळ आहे: विंडोज ८ किंवा त्यानंतरचा लॅपटॉप असेल तर नेटिव्ह, त्याआधीचा असेल तर आधी एसीपीआय. कर्नलही साधारण असाच विचार करतो. पूर्वी एकाच स्क्रीनसाठी दोन-दोन नावं फोल्डरात दिसायची आणि कोणतं खरं हे डेस्कटॉपला ठरवावं लागायचं. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ कर्नलपासून एका स्क्रीनला एकच नाव देण्याची व्यवस्था झाली. त्यामुळे डिस्ट्रो जुनी असेल तर आधी नवं कर्नल चालवून बघणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

तरीही कर्नलची निवड चुकलीच, तर ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना लिनक्स निवडायच्या) मेनूत 'ई' दाबून 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह' लिहा ('नेटिव्ह'च्या जागी 'व्हिडिओ' (म्हणजे एसीपीआय) किंवा 'व्हेंडर'ही चालतं; सगळी अक्षरं अर्थात रोमन, लहान लिपीत). हा बदल एका बूटपुरताच असतो. स्क्रीन हलली तरच तो ग्रबच्या सेटिंगमध्ये कायम करा.

ओएलईडी स्क्रीनला बॅकलाइट नसतोच, तरी नाव याच फोल्डरात येतं. इंटेलवर आकडा बदलूनही उजेड बदलत नसेल तर 'आय९१५' या इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा 'इनेबल_डीपीसीडी_बॅकलाइट' हा पर्याय तपासण्याजोगा आहे.

'एक्सबॅकलाइट' या उजेड बदलणाऱ्या कमांडने बॅकलाइट सापडत नाही म्हटलं म्हणून हार्डवेअरला दोष देऊ नका. एक्सच्या (लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीच्या) 'मोडसेटिंग' ड्रायव्हरसोबत ते चालतच नाही. त्याऐवजी 'ब्राइटनेससीटीएल' घ्या. 'एक्सरँडर'ने उजेड कमी करण्याचा सल्ला तर मी कुणालाच देणार नाही. त्यात फक्त रंग गडद होतात, मागचा दिवा पूर्ण जोरात जळत राहतो आणि बॅटरी वाचत नाही. बाहेरून जोडलेला मॉनिटर या फोल्डरात सहसा दिसत नाही, त्याच्यासाठी 'डीडीसीयुटिल' वापरा.

जुना लॅपटॉप विकत घेणार असाल तर पैसे देण्याआधी लाइव्ह यूएसबीवरून बूट करून निम्म्या आकड्याची ही चाचणी दुकानातच करून घ्या.