राडारोड्यातलं लाकूड: बॉयलर, सिमेंटची भट्टी की द्रव इंधन?

राडारोड्यात वजनाने बहुतेक काँक्रीट, विटा आणि माती. त्यातून इंधन निघत नाही. प्रश्न असतो तो चौकटी, सेंटरिंगच्या फळ्या, प्लाय आणि त्यात मिसळलेल्या कागद-प्लास्टिकचा. (तुळई धड असेल तर आधी तशीच विका. जाळायचं मागाहून बघू.)

चिप्स करून बॉयलरला देणं सगळ्यात सोपं. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असतं, तर इमारतीतलं लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. ओलावा साधारण १५ ते २० टक्के, उष्णता किलोमागे १५ मेगाज्यूलच्या आसपास. अर्थात, ढीग पावसात उघडा पडला नसेल तर.

गोची आहे ती त्या लाकडाला आधी काय काय फासलंय याची. पीव्हीसीचे तुकडे गेले की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू तयार होतो आणि बॉयलरच्या नळ्या खातो. जुन्या रंगातलं शिसं, वाळवी लागू नये म्हणून मुरवलेलं तांबं, क्रोमियम, आर्सेनिक हे बरंचसं राखेत उतरतं आणि राखच घातक कचरा होऊन बसते. असं मुरवलेलं लाकूड नवं असताना हिरवट दिसतं, धूळ खाल्लेलं मात्र नजरेने ओळखू येत नाही. फळीला ताजा छेद देऊन ‘पॅन’ हे द्रावण लावलं की तांबं असलेलं लाकूड किरमिजी होतं, साधं नारिंगी. येणाऱ्या प्रत्येक ट्रकमागे ही तपासणी करायला माणूस नसेल, तर बॉयलरचा नाद सोडा. जर्मनीत २००३पासून जुन्या लाकडाच्या चार प्रतवाऱ्या ठरलेल्या आहेत, निव्वळ लाकडापासून थेट रेल्वेच्या स्लीपरपर्यंत. तुमच्याकडे तसा नियम नसला, तरी ढीग त्याच धर्तीवर वेगळे लावा.

पेलेटसाठी, म्हणजे भुसा दाबून केलेल्या इंधनाच्या गोळ्यांसाठी, ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आणि भुगा बारीक लागतो. खिळ्यांनी भरलेल्या मालाला ते परवडत नाही.

मिश्र माल असेल तर सिमेंटची भट्टी बरी. ज्योत २००० अंशांच्या घरात, चुन्यात आम्लवायू शोषले जातात आणि राख क्लिंकरमध्येच, म्हणजे दळून सिमेंट होणाऱ्या खड्यांमध्येच, मुरते. क्लोरीनबाबत मात्र कारखाने काटेकोर असतात, कारण त्याचे क्षार साचून यंत्रणा तुंबते. आणि प्लास्टिकची उष्णता नवीकरणीय म्हणून खपवता येत नाही. कार्बन-१४ची चाचणी लाकूड-कागदाचा वाटा वेगळा दाखवते, कारण खनिज तेलापासूनच्या प्लास्टिकमध्ये हा कार्बन नसतोच.

राहता राहिलं गॅसिफिकेशन, म्हणजे माल कमी हवेत तापवून त्याचा जळाऊ वायू करणं. फिनलंडमधल्या लाहतीत २०१२पासून टाकाऊ मालाचा वायू करतात, तो ४०० अंशांपर्यंत थंड करून गाळतात आणि मग बॉयलरात जाळतात. हे जमतं, पण मोठ्या शहराच्या आवाक्यातलं काम आहे. त्याच वायूपासून द्रव इंधन करायचं तर डांबरासारखा चिकटा आणि गंधक जवळपास पूर्ण काढावे लागतात, नाहीतर उत्प्रेरक निकामी होतो. आणि राडारोड्यात जिप्समचा चुरा, म्हणजे गंधक, हमखास असतो. अमेरिकेतल्या नेवाडात घरगुती कचऱ्यापासून असं इंधन करणाऱ्या फल्क्रम कंपनीने २०२२च्या शेवटी पहिलं कच्चं तेल काढलं आणि २०२४मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. स्वतःचे पैसे यात घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत.

खरेदीदार कुठलाही असो, क्लोरीन, ओलावा आणि राखेच्या मर्यादा करारात आकड्यांनिशी लिहून घ्या. नाकारलेला ट्रक कोणाच्या खर्चाने परत जाणार, तेही.