मांडवीच्या लाटांसाठी थ्री.जेएसची बफरजॉमेट्री

पणजीतल्या जलसफरीच्या वेबसाइटवर हलती मांडवी दाखवायची, तर थ्री.जेएस ही ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्रं दाखवणारी, एमआयटी परवान्याची फुकट लायब्ररी पुरेशी आहे. तिच्यात आकाराच्या बिंदूंचे आकडे बफरजॉमेट्रीत साठवतात. १२८ × १२८ चौकटींच्या जाळीत १६,६४१ बिंदू. प्रत्येकाचे एक्स, वाय, झेड एकाच फ्लोट३२ अ‍ॅरेत (३२ बिटांच्या दशांश आकड्यांच्या यादीत), म्हणजे ४९,९२३ आकडे. त्रिकोणांचे बिंदू घड्याळाच्या उलट दिशेने द्या, नाहीतर वरून पाणी दिसणारच नाही.

खरी गोची इंडेक्सची, म्हणजे कोणते बिंदू जोडून त्रिकोण करायचा ते सांगणाऱ्या क्रमांकांच्या यादीची. जाळी २५६ × २५६ केली की बिंदू होतात ६६,०४९. हाताने १६ बिटांची अ‍ॅरे दिली असेल, तर ६५,५३५ च्या पुढचे क्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि नदीभर आडवेतिडवे त्रिकोण पसरतात. साधी अ‍ॅरे दिली की लायब्ररी स्वतःच ३२ बिट निवडते. तेच करा.

लाट हलवताना दर फ्रेमला पोझिशनवर (बिंदूंच्या जागांच्या अ‍ॅरेवर) नीड्सअपडेट ट्रू हवंच, तरच बदललेले आकडे ग्राफिक्स चिपकडे जातात. विसरलात तर एरर येत नाही, पाणी नुसतं थिजतं. हा मुकेपणा वैताग आणतो. नॉर्मल (पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे ते सांगणाऱ्या दिशा) नव्याने काढले नाहीत तर लाट उठते, उजेड मात्र जुनाच. आणि कडेची लाट अचानक गायब झाली, तर बाउंडिंग स्फिअर, म्हणजे जाळी नजरेच्या टप्प्यात आहे का ते ठरवणारा तिच्याभोवतीचा काल्पनिक गोल, शिळा झालाय.

मोबाइलवर मोठी जाळी अडखळते. तिथे लाटांचं साइनचं गणित व्हर्टेक्स शेडरमध्ये (ग्राफिक्स चिपवर प्रत्येक बिंदूसाठी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) हलवा, फक्त वेळ युनिफॉर्मने (सगळ्या बिंदूंना सारख्याच मिळणाऱ्या मूल्याने) पाठवा. नॉर्मलही मग तिथेच काढावे लागतात.