अकिलीस की ओडिसियस: महिनाभर कुणाची सोबत झेपेल?

होमरची दोन्ही महाकाव्यं लागोपाठ वाचण्याइतकी सवड फार थोड्यांना असते. त्यामुळे आधी कोणतं हाती घ्यायचं, हा प्रश्न येतोच. 'इलियड' सुमारे १५,७०० ओळींचं, 'ओडिसी' १२,१०० च्या आसपास, सर्ग दोन्हीकडे २४. पण ओळी मोजून हे ठरत नाही. 'इलियड' ट्रॉयच्या वेढ्यातल्या अकिलीसचं, 'ओडिसी' त्या युद्धानंतर घरी परतणाऱ्या ओडिसियसचं; महिना-दीड महिना यांपैकी कुणाच्या स्वभावाशी आपलं जमेल, त्यावर ठरतं. अकिलीसची दुबळी टाच आणि ओडिसियसचा लाकडी घोडा बाजूला ठेवू. टाचेची गोष्ट होमरमध्ये नाहीच, आणि घोडा 'इलियड'मध्ये कुठेच येत नाही. ज्यांचा जीव कर्णात अडकलेला असतो त्यांना या दोघांपेक्षा ट्रॉयचा राजपुत्र हेक्टरच जवळचा वाटणार, याचीही कल्पना आहे. तो विषय मात्र वेगळा.

या दोघांना शेजारी ठेवून बघायची सोय होमरनेच करून ठेवली आहे. 'इलियड'चा नववा सर्ग उघडा. अकिलीस रुसून बसलेला आहे, ग्रीकांची पीछेहाट चालू आहे, आणि ग्रीकांचा सेनापती अगमेम्नॉन नजराण्याची यादी देऊन माणसं पाठवतो: सात तिवया, दहा टॅलेंट (वजनाचं जुनं माप) सोनं, वीस हंडे, बारा घोडे, लेस्बॉसच्या सात स्त्रिया, ज्यावरून तो रुसला ती, त्याच्याकडून हिसकावून नेलेली दासी ब्रिसेइस परत, शिवाय पुढे जावईपण आणि सात नगरं. ही यादी ओडिसियस अकिलीससमोर जवळजवळ शब्दशः म्हणून दाखवतो. फक्त शेवटच्या चार ओळी गाळतो. त्यांत अगमेम्नॉन म्हणालेला असतो की मी त्याच्याहून मोठा राजा आहे, त्याने नमतं घ्यावं. ते ऐकून अकिलीसने सगळ्यांना हाकलून दिलं असतं, हे ओडिसियस ओळखून असतो. शिष्टाई म्हणून हे काम चोख झालं. पण अकिलीसचं उत्तर सुरू होतं ते असं: पोटात एक आणि ओठांत दुसरं असणारा माणूस मला हेडीसच्या, म्हणजे मृत्युलोकाच्या, दाराइतका नकोसा वाटतो. गाळलेलं त्याला माहीत नाही, पण वास लागला आहे.

आता अकिलीसचे दोष. ते लहान नाहीत आणि झाकायचं कारणही नाही. अपमान अगमेम्नॉनने केला, पण त्याची किंमत इतरांनी मोजावी म्हणून तो आपल्या देवता आईला देवांचा राजा झ्यूसकडे पाठवतो: ट्रॉयवाल्यांना जिंकू दे, आपलीच माणसं जहाजांपाशी मरू देत. सोळाव्या सर्गात मन द्रवतं, पण पूर्ण नाही. स्वतः न जाता तो जिवलग मित्र पॅट्रोक्लसला आपलं चिलखत देऊन पाठवतो आणि बजावतो, जहाजांपासून त्यांना हटव आणि परत ये. हा अर्धवट तोडगाच घात करतो, कारण जिंकत असलेला माणूस मध्येच माघारी फिरत नाही, आणि पॅट्रोक्लस हेक्टरच्या हातून मरतो. त्यानंतरचे सर्ग वाचवत नाहीत. एकविसाव्यात ट्रॉयचा राजपुत्र लायकॉन पायाशी गयावया करतो. याच माणसाला अकिलीसने पूर्वी पकडून विकलं होतं, ठार केलं नव्हतं. या वेळी मारतो. तेविसाव्यात पॅट्रोक्लसच्या चितेवर बारा ट्रोजन तरुणांचा बळी दिला जातो. हेक्टरचं प्रेत रथामागून फरफटवणं तर सगळ्यांना ठाऊक आहे.

शिवाय तो अव्यवहारी आहे. एकोणिसाव्या सर्गात त्याचा हट्ट असतो की सैन्याने उपाशीपोटी लगेच लढायला निघावं. ओडिसियस शांतपणे समजावतो: दिवसभर लढायचं तर भाकरी आणि दारू पोटात हवी, नाहीतर दुपारनंतर गुडघे साथ देत नाहीत. हा मुद्दा निर्विवाद ओडिसियसचा. ऑफिसात साहेब म्हणून दोघांतून एक निवडायचा असता तर इथेच लेख संपवता आला असता.

ओडिसियसची बाजू भक्कम आहेच. पॉलिफेमस या एकडोळ्या राक्षसाच्या गुहेत तो झोपलेल्या राक्षसाला तलवारीने मारत नाही, कारण दारावरची शिळा आपल्याला हलणार नाही हे त्याला वेळेवर सुचतं. 'कुणी नाही' हे नाव सांगणं ही पुढची पायरी. पण सुटका झाल्यावर जहाजातून तोच ओरडून स्वतःचं खरं नाव, बापाचं नाव आणि गाव सांगतो. पॉलिफेमसला आपल्या बापाकडे, समुद्रदेव पोसायडनकडे, नेमका शाप मागता येतो तो या पत्त्यामुळे. पुढेही तीच तऱ्हा. वाऱ्यांचा राखणदार एओलसने दिलेल्या पिशवीत वारे कोंडले आहेत हे, सोबत्यांना सांगत नाही. नऊ दिवस सुकाणू एकटाच धरतो, दहाव्या दिवशी आपल्या बेटाच्या, इथाकेच्या शेकोट्या दिसत असताना झोप लागते, आणि सोबती पिशवी सोडतात. लेस्ट्रिगोनियन या नरभक्षक राक्षसांच्या बंदरात त्याचं जहाज बाहेर बांधलेलं, बाकीची अकरा आत. वाचतं ते बाहेरचं. स्किला ही राक्षसीण सहा माणसं उचलणार हे जादूगारीण सर्सीने सांगितलेलं असतं, तेही तो पोटात ठेवतो. बारा जहाजं घेऊन निघालेला माणूस एकटा घरी पोहोचतो. सगळा दोष त्याचा नाही, सूर्याच्या गाई सोबत्यांनीच कापल्या. तरी हिशेब मनात राहतो.

इथवर पारडी साधारण सारखी म्हणता येतील. माझ्यासाठी निकाल लागला तो 'ओडिसी'च्या चोविसाव्या सर्गात.

इथाकेला पाय लागल्यापासून ओडिसियस पाच जणांना खोटी ओळख सांगतो. देवी अथीनीपासून बायको पेनेलोपीपर्यंतच्या चार थापा समजू शकतात, घरात तिच्याशी लग्न करू पाहणारे १०८ मागणीदार ठाण मांडून बसले होते. पण चोविसाव्या सर्गात ते सगळे मेलेले आहेत. म्हातारा बाप, लेअर्टीस, मळ्यात एकटाच एका रोपाभोवती खणतो आहे. अंगात ठिगळं लावलेला मळका अंगरखा, काटे लागू नयेत म्हणून पायांना कातड्याचे तुकडे आणि हातांत मोजे, डोक्याला बकऱ्याच्या कातड्याची टोपी. नासपतीच्या उंच झाडाखाली उभा राहून मुलगा रडतो. मिठी मारावी की आधी परीक्षा घ्यावी, असा विचार करतो, आणि परीक्षा निवडतो! झाडांची निगा छान ठेवली आहेस, स्वतःची मात्र नाही, असा टोमणा मारून सुरुवात. मग थाप: मी एपेरिटस, तुझ्या मुलाचा पाहुणचार केला होता, त्याला जाऊन पाच वर्षं झाली. लेअर्टीस दोन्ही मुठींनी माती उचलून पांढऱ्या डोक्यावर ओततो. तेव्हा कुठे ओडिसियसच्या नाकात झिणझिण्या येतात आणि तो उडी मारून पुढे होतो.

अचानक आनंदाने म्हातारा दगावू नये म्हणून त्याने असं केलं, असं काही वाचक म्हणतात. असेलही. खूण पटवायला तो लहानपणी बापाने दिलेली झाडं मोजतो, नासपती तेरा, सफरचंदं दहा, अंजिरं चाळीस, द्राक्षवेलींच्या रांगा पन्नास, ती जागा फार सुंदर आहे. पण ही यादी थापेआधीही म्हणता आली असती. प्रत्येक वेळी मी इथेच अडखळतो. खोटं बोलणं हे त्याचं हत्यार होतं. आता ते हातातून खाली ठेवताच येत नाही.

याच्या समोर 'इलियड'चा चोविसावा ठेवा. तिथेही एक म्हातारा बाप आहे, आणि समोर त्याच्या मुलाला मारणारा. हेक्टरचा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम, प्रेत मागायला आला आहे; तो बसायला नकार देतो तेव्हा अकिलीस भडकतो आणि सरळ सांगतो: मला डिवचू नकोस, माझा भरवसा नाही. मग दासींना हुकूम देतो की हेक्टरचं प्रेत दूर नेऊन धुवा. बापाने ते पाहिलं तर त्याचा संताप उसळेल, आणि मग मी त्याला मारून बसेन. प्रेत तो स्वतःच्या हातांनी उचलून ठेवतो. शेवटी विचारतो, अंत्यविधीला किती दिवस लागतील, तितके दिवस लढाई थांबवतो. अकरा दिवस ठरतात. स्वतःचा राग ओळखून त्याच्याभोवती कुंपण घालणारा माणूस सगळ्या 'इलियड'मध्ये मला दुसरा दिसला नाही.

तुमचं मत वेगळं होऊ शकतं, विशेषतः समुद्र, बेटं आणि युक्त्या यांसाठीच वाचायचं असेल तर. मात्र 'ओडिसी'त नायक पाचव्या सर्गापर्यंत समोर येत नाही, हे धरून चाला. 'इलियड'मध्ये वेळ कमी असेल तर १, ९, १६, १८ आणि २२ ते २४ हे सर्ग आधी घ्या. दुसऱ्यातली जहाजांची जंत्री खुशाल मागे ठेवा. आणि क्रम उलटा करू नका, कारण 'ओडिसी'च्या अकराव्या सर्गात हे दोघे पुन्हा भेटतात, मेलेल्यांच्या देशात. ओडिसियस समजूत घालतो, तू इथेही राजाच आहेस. अकिलीस म्हणतो, मेलेल्या सगळ्यांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या गरीब कुळाच्या घरी मजुरी करीन. मग बापाची चौकशी करतो, मुलाची करतो, आणि मुलगा नाव काढतो आहे हे कळल्यावर मोठी पावलं टाकत निघून जातो.