एक्झिट कोडचा रिव्ह्यू: कर्ल, डब्ल्यूगेट आणि आरिया-टू

कर्ल, डब्ल्यूगेट आणि आरिया-टू ही कमांड लाइनवरून फाइल्स डाउनलोड करायची टूल्स. स्पीडवर सगळेच लिहितात, मी एवढंच बघतोय की रात्री क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) डाउनलोड फसलं तर टूल मागे कुठला नंबर, म्हणजे एक्झिट कोड, सोडतं (० म्हणजे सगळं ठीक) आणि त्यावरून स्क्रिप्टला पुढे काय करायचं ते कळतं का.

कर्लकडे नंबरांचा दुष्काळ नाही, यादी नव्वदच्या पुढे जाते. ६ म्हणजे होस्टचं नावच सापडलं नाही, ७ कनेक्ट झालं नाही, २८ टाइमआउट, ६० सर्व्हरच्या सर्टिफिकेटची भानगड. पण नुसतं चालवलं तर सर्व्हरकडून ४०४ (फाइल सापडली नाही) आला तरी हा गडी ० देतो! एरर पेज तुमच्या झिप फाइलच्या नावाने गुपचूप सेव्ह होतं आणि बोंब मारतं ते अनझिप. म्हणजे सर्व्हरने उत्तर दिलं ना, झालं तर मग माझं काम, असा हिशोब. म्हणून -एफ (छोटा एफ, म्हणजे --फेल) हा ऑप्शन लावायचाच. तो लावला की ४०० आणि वरच्या सगळ्या सर्व्हर-स्टेटसला २२, पण मग ४०४ पण २२ आणि ५०३ (सर्व्हर सध्या उपलब्ध नाही) पण २२, एक फाइल कायमची गेलीये, दुसरी पाच मिनिटांत मिळेल कदाचित, स्क्रिप्टला काय कप्पाळ कळणार? --राइट-आउट ऑप्शनने सर्व्हरचा स्टेटस वेगळा काढत बसा.

डब्ल्यूगेट आटोपशीर आहे, ० ते ८ बस. ४ नेटवर्क, ५ एसएसएल (सुरक्षित कनेक्शनची अडचण), ८ सर्व्हरने एरर दिली, आणि ४०४ ला वेगळा ऑप्शन न लावताही ८ देतो हे आवडलं. (व्हर्जन १.१२ च्या आधीच्या कोडवर मात्र भरवसा ठेवू नका.) एकदम बऱ्याच फाइल्स दिल्या की २ पासून पुढे लहान नंबर जिंकतो, म्हणजे ४ आणि ८ दोन्ही झाले तर हातात ४ येतो आणि ८ गायब.

माझी पसंती आरिया-टूला. ३ फाइल नाही, ९ डिस्क भरली, १९ डीएनएस (होस्टचं नाव सापडलं नाही), २४ लॉगिन, आणि सर्व्हरवर तात्पुरता लोड असेल तर चक्क वेगळा २९! स्क्रिप्टमध्ये केस (कोडनुसार वेगळी वाट) लिहायला मजा येते: २ (टाइमआउट), ६ (नेटवर्क), १९, २९ ला थांबून परत ट्राय, ३ ला सोडून द्या, ९ ला मेल टाका. खोट एकच, अनेक डाउनलोड असतील तर शेवटच्या एररचाच कोड मिळतो, त्यामुळे एका वेळी एकच फाइल द्या.

आणि कर्लचं आउटपुट पाइपने थेट टारला (फाइल्सचा गठ्ठा उघडणारं टूल) देत असाल तर बॅशमध्ये पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी तो कोड दाखवणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर तुम्ही कोड बघताय तो टारचा.