ताडपत्री, फोल्डिंग कॅनॉपी आणि डोम तंबू: रानात वापरून झाल्यावर

दिवाळीनंतर घेतलेल्या तीन वस्तूंबद्दल लिहितोय. एक १८ बाय २४ फुटाची ताडपत्री, एक १० बाय १० फुटाची फोल्डिंग कॅनॉपी, म्हणजे घडीच्या सांगाड्यावरचं कापडी छत, आणि एक तीन माणसांचा डोम तंबू. आमचं रान पलूस तालुक्यात, खालच्या अंगाला काळं आणि वर मुरमाड, त्यात द्राक्ष आणि थोडी हळद. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, वळीव झाले, आता पावसाळा लागलाय, म्हणजे तिन्ही वस्तूंनी सगळं बघितलंय. दुकानात गेल्यावर प्रत्येक जण एकच विचारतो की पाणी गळणार नाही ना. पण आपल्या भागात पाण्यापेक्षा वाऱ्यानं आणि उन्हानं जास्त माल खराब होतोय, आणि हे ध्यानात ठेवून खरेदी केली तर पैसे वाया जात नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

पहिली ताडपत्री, कारण सगळ्यात जास्त वापर तिचाच झाला. दुकानदार जीएसएम सांगतो, ९०, १२०, २००, २५०. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, मग हे तपासायला वजनकाटा पुरतो की! १८ बाय २४ म्हणजे साधारण ४० चौरस मीटर, त्यामुळं २५० जीएसएमची असेल तर काट्यावर १० किलोच्या आसपास भरली पाहिजे. मी एका दुकानात २५० म्हणून दाखवलेली काट्यावर ठेवायला लावली तर साडेसहा किलो भरली, म्हणजे १६० च्या आसपास. तिथनं उठलो आणि दुसरीकडनं घेतली, ती १० किलोला थोडी कमी भरली, तेवढं चालतं. १२ बाय १८ घेणार असाल तर त्याच हिशोबानं ५ किलो धरा. सोबत टेप न्या, कारण बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं माप कापडाचं असतं, कडा दुमडून शिवल्यावर चारी बाजूनं कमी होतंय, आणि हळदीच्या ढिगावर झाकायला गेलं की तेवढाच वितभर कोपरा उघडा राहतो.

विणलेल्या एचडीपीई, म्हणजे एका जातीच्या प्लॅस्टिकच्या, ताडपत्रीसाठी आयएस ७९०३ हे भारतीय मानक आहे, आणि ज्याला आपल्याकडं सगळे सरसकट सिल्पोलिन म्हणतात त्या थर चिकटवलेल्या प्रकारासाठी आयएस १४६११. ताडपत्रीवर यातलं काही छापलंय का बघा. विणलेलीमध्ये आत पट्ट्यांचं विणकाम असतं आणि दोन्ही बाजूनं प्लॅस्टिकचा लेप, तर दुसऱ्यात विणकामच नसतं, फिल्मचे थर एकमेकांवर आडवे-तिडवे चिकटवलेले असतात म्हणून ती हलकी पडते, एकट्या माणसाला ओढायला सोपी जाते. मी विणलेली घेतली कारण ती रानात फरफटत ओढली जाते आणि वरनं ट्रॉलीसुद्धा जाते. निळी, पिवळी, काळी या रंगावरनं दर्जा ठरत नाही. उन्हाकडं धरून आतनं बघायचं, टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले की लेप कच्चा आहे.

आता मुद्द्याचं. ताडपत्री मधनं फाटत नाही, फाटते ती आयलेटला, म्हणजे कडेच्या त्या धातूच्या कडीला. मार्चमध्ये संध्याकाळचं वारं सुटलं की अख्ख्या ताडपत्रीचा जोर त्या चार-सहा कड्यांवर येतो आणि कडी कापडासकट उपटून येते. म्हणून घेताना कडेवर हात फिरवून बघा, आत दोरी भरून कड दुमडलेली असली पाहिजे आणि कडी त्या दुहेरी कापडात बसवलेली पाहिजे. माझ्या ताडपत्रीला तीन-तीन फुटावर कड्या आहेत आणि कोपऱ्याला जादा ठिगळ आहे, त्या कोपऱ्यातली एकही कडी अजून सुटलेली नाही, मधल्या मात्र दोन गेल्या. गेलेल्या ठिकाणी नवी कडी मारायला बाजारात जायची गरज नाही. गुळगुळीत खडा घ्यायचा, ताडपत्रीच्या खालनं दाबायचा, वरनं कापडासकट त्याची मान आवळून दोरी बांधायची. भोक पडत नाही आणि कडीपेक्षा जास्त टिकतं. आमच्याकडचे जुने गडी हे वर्षानुवर्षं करतात.

दुसरं म्हणजे दोरी सरळ खुंटीला ताणून बांधू नका, मधे सायकलच्या जुन्या ट्यूबचा वितभर तुकडा घाला. वाऱ्याचा हिसका आला की ट्यूब ताणते आणि कडीवर झटका बसत नाही, हे केल्यापासून माझी एकही कडी गेलेली नाही. गाठ म्हणाल तर ट्रॉलीवर ऊस आवळताना फास घालून ओढतात तीच घाला, शेवट सुरगाठीनं करा, कारण ढग आले की ओल्या निरगाठी सोडत बसायला वेळ नसतो.

हळदीचा अनुभव सविस्तर सांगतो, त्यासाठीच तर घेतली होती. शिजवलेली हळद दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची असते, ओल दहा टक्क्याच्या आत यावी लागते, आणि नेमका त्याच वेळी वळीव येतो. रात्री दव पडतंय म्हणून संध्याकाळी गोळा करून झाकायची. इथं बरेच जण ताडपत्री थेट हळदीवर टाकून कडेला दगड ठेवून मोकळे होतात. हळदीतनं वाफ निघतच असते, सकाळी ताडपत्री उचलली की आतनं पाण्याचे थेंब लोंबताना दिसतात आणि वरचा थर परत ओला होतो. त्यापेक्षा ढिगाच्या मधोमध दोन मेढी रोवून त्यावर आडवा बांबू टाका आणि ताडपत्री त्या आढ्यावरनं दोन्हीकडं उतरती सोडा, दोन्ही टोकं हातभर उघडी ठेवा. हवा खेळती राहते आणि उतार मिळाल्यामुळं पाणी साचत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, त्यामुळं सपाट ४० चौरस मीटरवर २० मिलिमीटरचा वळीव झाला तर आठशे लिटर झालं. उतार नसेल तर ते सगळं मधल्या झोळीत येणार. ढिगाच्या भोवतीनं चर मारायला विसरू नका, वरनं कितीही झाका, रानातनं वाहत आलेलं पाणी खालनं शिरतंच.

उन्हाचं सांगायचं तर जो भाग कायम पश्चिमेला होता तिथला रंग उडालाय आणि घडीच्या रेषेवर लेपाचे पापुद्रे निघायला लागलेत. बाकी कापड चांगलं आहे. आता घडी न घालता पाइपवर गुंडाळून शेडमध्ये टांगतो, तेवढ्यानं उंदरांचाही त्रास कमी झाला, कारण जमिनीवरच्या घडीत त्यांचं घर झालंच म्हणून समजा.

कॅनॉपी द्राक्षाच्या हंगामात पलूस-तासगाव रस्त्याला स्टॉल लावायला घेतली. उभी करायला दोन माणसं आणि पाच मिनिटं, त्याबद्दल तक्रार नाही. छत पांढरं घ्या. निळ्या किंवा लाल छताखाली उजेडच रंगीत होतो, त्यात द्राक्षाचा खरा रंग दिसत नाही आणि गिऱ्हाईक पेटीतला घड उचलून उन्हात नेऊन बघतं. पांढऱ्याखाली माल जसा आहे तसा दिसतो आणि सावलीही थंड वाटते.

पण वारा! १० बाय १० म्हणजे नऊ चौरस मीटरच्या थोडं वर. ताशी ४० किलोमीटरचं वारं प्रत्येक चौरस मीटरला साधारण साडेसात किलोचा जोर लावतं, म्हणजे अख्ख्या छतावर सत्तर किलोच्या आसपास, आकारानुसार कमी-जास्त. आणि हा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, वारं ६० ला गेलं की दीडशेच्या वर. त्यात सांगाड्याचं स्वतःचं वजन वीसेक किलो. म्हणून चारी पायांना वीस-वीस लिटरचे पाण्याचे कॅन बांधायचे, म्हणजे ऐंशी किलो झाले, रोजच्या वाऱ्याला पुरतात. वळवाच्या वाऱ्याला नाही पुरत. तेव्हा पश्चिमेकडनं धूळ उठलेली दिसली की पहिलं छताचं कापड काढायचं, मग माल आवरायचा, या क्रमात बदल नको. शेजारच्या स्टॉलची कॅनॉपी याच वाऱ्यात उचलून रस्त्यावर गेली, नशिबानं गाडी येत नव्हती. आणि विजा चमकत असतील तर लोखंडी सांगाड्याखाली थांबू नका, गाडीत किंवा पक्क्या घरात जा, गिऱ्हाइकालाही तेच सांगा.

मोडतो तो सांध्यातला प्लॅस्टिकचा भाग, जिथं कैचीच्या पट्ट्या पायाला जोडलेल्या असतात. माझा एक गेला. सुटा पार्ट मिळाला म्हणून बरं, नाहीतर अख्खा सांगाडा भंगारात गेला असता.

आता डोम तंबू. हा लोक ट्रेकसाठी घेतात, मी रात्री पिकाला पाणी द्यायला रानात थांबावं लागतं म्हणून घेतला. शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा तर कधी रात्री असते हे आपल्याकडं सगळ्यांना माहिती आहे, आणि रात्री दोन वाजता बारं, म्हणजे पाण्याची पाळी, बदलायचं तर माणूस रानातच पडतो. बांधावर सतरंजी टाकून झोपणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, तंबू घ्या. मण्यार रात्रीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही कारण फारसं दुखत नाही. तंबूचा तळ भिंतींना अखंड शिवलेला असतो, चेन पूर्ण लावली की साप-विंचू आत येत नाही, डासही नाहीत. फक्त बाहेर जाताना चेन उघडी ठेवू नका आणि बूट आत घ्या. हे एक कारण मला पैसे वसूल वाटायला पुरेसं आहे.

घेताना दुहेरी कापडाचा घ्या, आत जाळीचा तंबू आणि वरनं वेगळं पावसाचं कापड. एकेरी स्वस्त मिळतो पण झोपलेल्या माणसाच्या श्वासातली वाफ थंडीत कापडावर आतनं जमते आणि पहाटे अंगावर ठिबकते, लोकांना वाटतं तंबू गळतोय. दुहेरीमध्येसुद्धा वरची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड इथं माउलींच्या पालखीच्या मुक्कामाला दिंड्यांच्या जुन्या सुती राहुट्या बघितल्या असतील, त्या कापडातनं हवा जाते आणि ओला झाल्यावर सूत फुगून भोकं बुजतात म्हणून आत कोंदटही होत नाही आणि गळतही नाही, फक्त पाऊस असताना आतनं कापडाला हात लावायचा नाही. पण ते वजन एकट्यानं वाहायचं नाही, त्याला टेम्पो लागतो.

तंबूवर १५००, २०००, ३००० मिलिमीटर असे आकडे असतात, म्हणजे तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ ते कापड पेलतं. वरच्या कापडाला आमच्या भागात २००० भरपूर झालं. तळाला मात्र जास्तच बघा कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की दाब तिथं येतो. तळाखाली जुन्या ताडपत्रीचा तुकडा टाका, पण तंबूच्या मापापेक्षा चारी बाजूनं थोडा लहान, बाहेर आला तर वरचं पाणी झेलून खाली नेतो.

सोबत आलेल्या बारीक तारेच्या मेखा बदलाच. मुरमात त्या वाकतात, काळ्या रानात उन्हाळ्यात भेगेत जातात आणि पाऊस पडला की लोण्यातनं सुटल्यासारख्या सुटतात. मी लोहाराकडनं वीतभर लांबीच्या सळईच्या करून घेतल्या मुरमासाठी, आणि काळ्या रानासाठी हातभर लांबीच्या बाभळीच्या खुंट्या. ठोकताना डोकं तंबूपासून लांब झुकलेलं ठेवायचं. दार पूर्वेला करा, पावसाळ्यातलं वारं पश्चिमेकडनं येतं.

थंडीत एकदा बामणोलीला कोयनेच्या पाण्याकाठी परवानगीच्या जागेवर नेला होता, दव एवढं होतं की सकाळी वरचं कापड पिळून काढलं, आत मात्र कोरडं. तिथल्या वासोटा किल्ल्यावर मुक्कामाला परवानगी नाही, अभयारण्य आहे, तिकडं तंबू नेऊ नका. आणि हाच तंबू जुलैत महाबळेश्वर-कासकडं न्यायचा विचार करू नका, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि आपल्या जत-आटपाडीकडं पाचशेच्या आसपास. एकाच तंबूकडनं दोन्हीची अपेक्षा धरता येत नाही. तंबूत शेगडी किंवा शेकोटीचे निखारे तर कधीच नकोत, कोंडलेल्या विषारी वायूनं झोपेतच माणूस जातो. आणि ओला गुंडाळून ठेवला तर आतला लेप चिकट होऊन सुटतो, दुसऱ्या दिवशी सावलीत वाळवूनच पिशवीत घाला.

परत घ्यायचं झालं तर ताडपत्री हीच घेईन, तंबूही हाच. कॅनॉपी घेताना मात्र दोन गोष्टी आधी विचारीन, छताचं कापड वेगळं मिळतं का आणि सांध्याचे पार्ट तालुक्याच्या गावात मिळतात का. दोन्हीला हो म्हणाला तरच घ्या, नाहीतर बांबूच्या चार मेढी आणि १२ बाय १८ ची चांगली ताडपत्री स्टॉलला भागते.