इमोबिलायझरचा दिवा जात नाही: घरीच बघावं, चावीवाल्याकडे जावं की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला?

सेल्फ मारला की इंजिन फिरतं पण पकडत नाही, किंवा पकडून दोन सेकंदांत बंद पडतं, आणि मीटरमध्ये चावीचं किंवा कुलूप असलेल्या गाडीचं चित्र लुकलुकत राहतं. हा इमोबिलायझरचा, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचा दिवा. अशा वेळी नाशिककराकडे तीन वाटा असतात. पार्किंगमध्येच थोडी तपासणी करायची, द्वारका-मुंबई नाका पट्ट्यातल्या एखाद्या चावीवाल्याला किंवा ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवायचं, नाहीतर गाडी क्रेनवर चढवून महामार्गावरच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवायची. खर्च आणि वेळ या दोन्हींत या वाटांमध्ये मोठं अंतर आहे. बहुतेक लोक इथे घाईत चुकीची वाट धरतात, कारण कपाटातली दुसरी चावी ते लावूनच बघत नाहीत. ती लावल्यावर काय होतं, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

दिवा कधी काळजीचा, कधी नाही

गाडी लॉक करून उभी असताना दिवा सावकाश लुकलुकत असेल तर चोरीविरोधी यंत्रणा जागी आहे एवढाच त्याचा अर्थ. चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद पेटून विझणं हेही नेहमीचंच. ऑन केल्यावर तो विझतच नाही किंवा भराभर लुकलुकतो, तेव्हा गाडीने चावी ओळखलेली नाही. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत हे चित्र हिरव्या चावीचं असतं, त्यामुळे हिरवं दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका.

चालत्या गाडीत दिवा लागला तर घाबरून इंजिन बंद करू नका. बहुतेक गाड्यांमध्ये चावीची ओळखपरेड स्टार्ट करतानाच होते, नंतर नाही. कसारा घाटात दिवा लागला आणि तुम्ही चहासाठी गाडी बंद केली तर ती पुन्हा सुरू न होण्याचा धोका आहे. इंजिन चालू ठेवूनच नाशिक गाठा.

डॅशबोर्डच्या कडेला स्वतंत्र बसवलेला छोटा लाल दिवा मात्र बहुधा बाहेरून लावलेल्या सायरनवाल्या सिस्टिमचा असतो. त्याचा कंपनीच्या इमोबिलायझरशी संबंध नाही. तो बिघडला तर ती सिस्टिम बसवणाऱ्याकडेच जावं.

आतलं काम असं चालतं. चावीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी चिप असते. तिला स्वतःचा सेल लागत नाही. चावी फिरवायच्या जागेभोवती तांब्याच्या तारेची रिंग असते, ती सुमारे १२५ किलोहर्ट्झची लहर सोडते, आणि त्याच लहरीवर चिप क्षणभर जागी होऊन आपला कोड सांगते. कोड जुळला तर ईसीयू (इंजिनचा संगणक) इंजेक्टर आणि स्पार्क चालू ठेवतो, नाही जुळला तर बंद करतो. दरवाजे उघडणारं रिमोट हे वेगळं सर्किट आहे. ते सुमारे ४३३ मेगाहर्ट्झवर चालतं आणि त्यालाच सेल लागतो. म्हणून रिमोटने दार उघडतं पण गाडी सुरू होत नाही, असं सहज घडू शकतं. साध्या चावीचा सेल बदलून इमोबिलायझरचा दिवा जात नाही तो याचसाठी.

पहिली वाट: पार्किंगमधली पंधरा मिनिटं

आधी बॅटरी. सेल्फ मारताना 'टक टक' आवाज येतो आणि मीटरचे दिवे मंद होतात, तर दोष बॅटरीचा असण्याची शक्यता जास्त. व्होल्टेज घसरलं की कंट्रोल युनिट गोंधळतात आणि इमोबिलायझरचा दिवाही लागतो. मल्टिमीटर लावा. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली, १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला लावायलाच हवी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, दहा नंबरच्या पान्याने घट्ट करा. त्र्यंबक-इगतपुरी बाजूला रोज येणं-जाणं असणाऱ्या गाड्यांत पावसाळ्यानंतर हे हमखास सापडतं.

मग चावी. जुडग्यातून ती एकटी काढा. इमोबिलायझर असलेल्या दुसऱ्या गाडीची चावी त्याच जुडग्यात असेल तर दोन चिप एकाच वेळी बोलू लागतात आणि गाडीला काहीच कळत नाही. चावीजवळचा धातूचा जाड बिल्ला, कन्सोलवरचा वायरलेस चार्जर, यांचाही अडथळा होतो. चावी बंद करून बाहेर काढा, मिनिटभर थांबा, पुन्हा लावा. आता दुसऱ्या चावीने प्रयत्न करा आणि काय झालं ते नीट लक्षात ठेवा.

बटन स्टार्टची गाडी असेल तर स्मार्ट कीचा सेल संपणं हे सगळ्यात सामान्य कारण. सीआर २०३२ हा सेल अनेक चाव्यांना चालतो, पण आधी जुन्या सेलवरचा आकडा वाचा. सेल मिळेपर्यंत बहुतेक मारुती, ह्युंदाई, किया आणि टोयोटा गाड्यांत ब्रेक दाबून, चावीच स्टार्ट बटनाला टेकवून गाडी सुरू करता येते. काही गाड्यांत चावी ठेवायची ठरलेली जागा असते, ती मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते. दारासाठी चावीच्या पोटात लोखंडी चावी आहेच. तिने दार उघडल्यावर सायरन वाजला तरी गाडी सुरू होताच तो थांबतो.

इंटरनेटवर फिरणारा 'चावी ऑन करून दहा-दहा मिनिटं तीनदा थांबा' हा उपाय जनरल मोटर्सच्या अमेरिकेतल्या पासलॉक यंत्रणेचा आहे. आपल्या स्विफ्ट, आय१०, टियागोला तो लागू पडत नाही, अर्धा तास ऑन राहून बॅटरी मात्र उतरते. बॅटरीची वायर काढून ठेवल्यानेही चावीची नोंद ना पुसली जाते ना दुरुस्त होते, कारण ती कायमस्वरूपी मेमरीत साठवलेली असते.

एक चावी चालते, एक नाही: चावीवाला की कंपनी?

दुसऱ्या चावीने गाडी सुरू झाली, म्हणजे गाडी ठणठणीत आहे आणि दोष पहिल्या चावीच्या चिपमध्ये आहे. तुलना खरी इथे करायची.

चिप बिघडण्याचं आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे फ्लिप कव्हर. ऑनलाइन मागवलेल्या फ्लिप चावीत जुना सर्किट बोर्ड बसवला जातो, पण काळी छोटी चिप जुन्या कव्हरातच चिकटून राहते, किंवा काढताना तिचा टवका उडतो. जुनं कव्हर टाकलं नसेल तर आधी ते उघडून बघा. काम फुकटात होऊ शकतं.

चावीवाला दोन पद्धतींनी काम करतो. एक, चालणाऱ्या चावीच्या चिपची नक्कल. दोन, स्टीअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (तपासणीचं यंत्र जोडायच्या जागेला) मशीन लावून नवी चिप गाडीत नोंदवणं. जुन्या मॉडेलांत नक्कल लवकर होते, पण गाडीला दोन्ही चाव्या एकच वाटतात, त्यामुळे पुढे एखादी हरवली तर तेवढीच रद्द करता येत नाही. म्हणून नोंदणी मागा, नक्कल नको. साध्या चिपच्या चावीला साधारण १,५०० ते ४,००० रुपये लागतात आणि काम तासाभरात, तुमच्या दारात होतं. गंगापूर रोडला सोसायटीत अडकलेल्या माणसासाठी ही मोठी सोय आहे.

कंपनीत तीच चावी साधारण दुप्पट पैशांत पडते. चेसिस नंबरवरून ती मागवावी लागते, आणि यायला आठवडा ते पंधरा दिवस सहज जातात. आरसी बुक, मालकाचं ओळखपत्र आणि असलेल्या सगळ्या चाव्या सोबत न्याव्या लागतात, कारण अनेक गाड्यांत नवी चावी शिकवताना समोर नसलेल्या जुन्या चाव्यांची नोंद पुसली जाते. त्या बदल्यात चावीचं पातं कंपनीच्या कोडवरून कापलेलं असतं (झिजलेल्या चावीवरून कापलेलं पातं लॉकमध्ये अडकत राहतं), चिप योग्य प्रकारची येते, आणि वॉरंटीवर प्रश्न उभा राहत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. वॉरंटी संपलेली, फिरवायच्या चावीची, एक चावी चालू असलेली गाडी असेल तर चांगल्या चावीवाल्याकडे जाण्यात काही चूक नाही. गाडी वॉरंटीत असेल किंवा स्मार्ट की असेल तर कंपनीतच जा, महाग पडलं तरी. स्मार्ट कीला मॉडेलप्रमाणे ८,००० ते २०,००० रुपये लागू शकतात, म्हणून लोक वापरलेली स्वस्त चावी विकत घेतात. पण ह्युंदाई, कियासारख्या बऱ्याच गाड्यांची स्मार्ट की एकदा एका गाडीशी जोडली की दुसऱ्या गाडीला लागत नाही. परदेशातून मागवलेली चावी ३१५ मेगाहर्ट्झची निघाली तर आपल्या ४३३ च्या गाडीत तिचं रिमोट मुकंच राहतं. पैसे भरण्याआधी विमा पॉलिसीत चावी बदलून देण्याचं जादा संरक्षण घेतलेलं आहे का, तेही बघा. अनेकांनी त्याचा हप्ता भरलेला असतो आणि ते विसरलेले असतात.

दोन्ही चाव्या चालत नाहीत

आता दोष गाडीत आहे. इथे नवी चावी बनवणं म्हणजे पैसे पाण्यात. दोन चांगल्या चिप एकाच दिवशी मरत नाहीत. कारणं बहुधा अशी: लॉकभोवतीची अँटेना रिंग किंवा तिचा सैल झालेला कनेक्टर, उडालेला फ्यूज, उंदराने कुरतडलेली वायर, कंट्रोल युनिटमध्ये शिरलेलं पाणी, किंवा बदललेला जुना ईसीयू, ज्यात दुसऱ्याच गाडीच्या चाव्यांची नोंद आहे. शेताच्या कडेला किंवा द्राक्षबागेच्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदराचा संशय आधी घ्यावा.

इथे चावीवाल्यापेक्षा ऑटो इलेक्ट्रिशियन कामाचा, आणि त्याची निवड त्याच्याकडच्या स्कॅनरवरून करा. स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र इंजिनचेच कोड वाचतं. त्यात पी ०५१३ दिसला तर 'चुकीची इमोबिलायझर चावी' एवढंच कळतं. चावी खरंच चुकीची आहे की रिंगला ती वाचताच येत नाही, हे समजायला बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दारं, दिवे, लॉक सांभाळणारं युनिट) आणि इमोबिलायझर युनिटचे कोड वाचणारा स्कॅनर हवा. चांगला कारागीर आधी स्कॅन करतो, मग फ्यूज बघतो (बदलताना तेवढ्याच अँपिअरचा), मग रिंगच्या कनेक्टरवर सप्लाय मोजतो. न मोजताच 'ईसीयू गेला' म्हणणाऱ्याकडून चावी परत घ्या.

रिंग, फ्यूज, वायर, कनेक्टर यांसाठी बाहेरचा इलेक्ट्रिशियन स्वस्त आणि पुरेसा आहे. कंट्रोल युनिट बदलायचं असेल तर कंपनीत जावं, कारण नवं युनिट गाडीशी जोडायला तिच्या सुरक्षा पिनची आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरची गरज पडते. युनिट उघडून मेमरी चिप डिसोल्डर करणारेही भेटतील. हात चुकला तर अख्खं युनिट जातं, आणि नुकसान तुमचं.

नेताना रोडसाइड असिस्टन्सला फोन केल्यावर फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागा. स्टीअरिंग लॉक झालेली किंवा ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढायची नाही.

सगळ्याच चाव्या हरवल्या तर

पोलिसांत हरवल्याची नोंद करा, दाखला घ्या आणि थेट कंपनीत जा. जुन्या चाव्यांची नोंद पुसून घ्या, नाहीतर ज्याला चावी सापडली त्याच्यासाठी गाडी उघडीच आहे. ही झळ नको असेल तर एकच चावी असलेल्यांनी दुसरी आजच करून घ्यावी. एक चालू चावी असताना हे काम सोपं असतं, सगळ्या गेल्यावर खर्च कितीतरी वाढतो.

'इमो ऑफ' नको

काही गॅरेजांत सर्वांत स्वस्त तोडगा म्हणून इमोबिलायझरच बंद करून देतात, किंवा एक चिप रिंगजवळ कायमची चिकटवून टाकतात. दिवा जातो, गाडी साध्या कापलेल्या चावीवर सुरू होते, चोराचीसुद्धा. चोरीच्या दाव्यात विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते आणि गाडीतल्या बदलांबद्दल विचारते. चोरीची भरपाई पणाला लावून वाचवलेले दोन-तीन हजार महागच पडतात.

पैसे देण्याआधी

काम कुणीही केलेलं असो, प्रत्येक चावीने गाडी वेगवेगळी सुरू करून किमान दहा सेकंद चालू ठेवा. लॉक-अनलॉक, डिकी, आणि रिमोटऐवजी लोखंडी पात्याने दार उघडणं, हे सगळं समोर तपासा. नव्या चावीचा पिन किंवा कोड दिला असेल तर लिहून घ्या, पण गाडीत ठेवू नका. शेवटी स्कॅनरच्या पडद्यावर गाडीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत तो आकडा दाखवायला सांगा. तुमच्या हातात दोन चाव्या असतील आणि आकडा तीन असेल, तर तिसरी तिथल्या तिथे पुसून घेतल्याशिवाय निघू नका.